ट्रंकेतली ४६ चित्रकथा-पुस्तके: दुरुस्तीच्या नोंदी

घरात जुनी चित्रकथांची पुस्तके सापडली आणि ती टाकवत नाहीत, अशा माणसाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली नाही आणि कागदाच्या जतनाचे प्रशिक्षणही घेतलेले नाही. जे चुकले ते मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण जे जमले ते बहुतेक चुकल्यानंतरच जमले.

१२ मे २०२४, चिपळूण

जुने घर विकायचे ठरल्यामुळे माळा रिकामा करताना पत्र्याची हिरवी ट्रंक खाली काढली. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होते. माळ्यापर्यंत ते पोचले नाही, पण नंतर कित्येक आठवडे घर ओल धरून होते आणि ट्रंकेचे झाकण कोणी उघडले नव्हते. आत ४६ पुस्तके निघाली. त्यांपैकी मराठी ‘अमर चित्र कथा’ २७, इंग्रजी ‘अमर चित्र कथा’ ८ आणि मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ११ आहेत. कसरीने कडा कुरतडल्या आहेत, पिना गंजल्या आहेत, तळाच्या काही अंकांवर बुरशीचे राखाडी ठिपके आहेत आणि तीन अंकांची मिळून एकच वीट झाली आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. कोकणात मे महिन्यात ओल दिसली की हात आपोआप वाळवणाकडे वळतात, म्हणून मी सगळी पुस्तके अंगणात चटईवर पसरली. चार तासांनी मुखपृष्ठे पापडासारखी वळली होती आणि दोन पुस्तकांचे कोपरे उचलताना तुटून हातात आले. रद्दीच्या जातीचा हा स्वस्त कागद स्वतःतल्या आम्लानेच पिवळा आणि ठिसूळ होत जातो. कडक ऊन ते काम लवकर उरकते आणि वर छपाईचे रंगही उडवते. पुस्तके सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, उभी करून आणि पाने थोडी उघडी ठेवून वाळवायला हवी होती.

१४ मे

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी निघाली. लहानपणी दादा आणि मी या पुस्तकांचे ‘वाचनालय’ चालवत होतो. दिवसाला पाच पैसे भाडे होते, आणि आतल्या बाजूस लाल बॉलपेनने पुस्तकाचा अनुक्रम व ‘पान दुमडल्यास ५ पैसे दंड’ अशी सूचना लिहिलेली असे. त्यामुळे बारा पुस्तकांना कागदी कव्हरे घातलेली होती. जुनी दिनदर्शिका, वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते वापरलेले होते. मी अकरा कव्हरे काढून रद्दीच्या पोत्यात टाकली. बारावे काढताना ते उलटून पाहिले, तर ते ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकाचे जोडपान होते आणि त्यावर त्यातला वेंधळा सुप्पांडी होता. पोते तोवर गेले होते. त्या अकरांत काय होते ते आता कळणार नाही. जे कोणी हे काम करतील त्यांनी पुस्तकाबरोबर आलेला कपटाही, निदान उलटून पाहीपर्यंत, टाकू नये.

१९ मे, पुणे

कीड मारण्यासाठी पुस्तके गोठवायची होती. घरच्या फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते, म्हणून आठवड्याऐवजी दोन आठवडे ठेवायचे ठरवले. पाच-पाच पुस्तके जाड पिशवीत हवा काढून बंद केली. फ्रीझर लहान असल्याने तीन फेऱ्या कराव्या लागणार होत्या आणि मटार व ओल्या नारळाच्या चवाला या काळात शेजारी आश्रय घ्यावा लागला.

पहिल्या फेरीची पहिली पिशवी मी बाहेर काढताच उघडली. थंडगार कागदावर बाहेरच्या हवेतले दव धरले आणि पाचही मुखपृष्ठे ओलसर झाली. पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस खोलीत ठेवावी लागते, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरते. पुढच्या फेऱ्यांत ते पाळले.

बुरशी धरलेली पुस्तके वेगळी ठेवली. ती वाळल्यावर गच्चीत, नाकाला एन-९५ मुखपट्टी लावून, मऊ ब्रशने झाडली. हे काम घरात कधीही करू नये, कारण बुरशीची धूळ चांगल्या पुस्तकांवर बसते आणि दमा असलेल्यांना त्रास होतो तो वेगळाच.

९ जून

कोरडी सफाई सुरू केली. मऊ खोडरबर किसणीवर किसून तो चुरा मलमलीच्या पुरचुंडीत बांधला आणि पानावर मधल्या घडीकडून बाहेरच्या कडेकडे हलक्या हाताने फिरवला. उलट दिशेने फिरवल्यास फाटलेली कड मुडपते, हे दोन पानांनंतर कळले. एका पुस्तकाला सव्वा तास लागतो.

सफाईबरोबर यादी करत होते आणि तिथे बराच वेळ वाया गेला. इंग्रजी अंकांवरचे क्रमांक मांडले तेव्हा सर्वांत जुना अंक ‘कृष्ण’ निघाला आणि त्याचा क्रमांक होता ११. पहिले दहा अंक हरवले असणार असे गृहीत धरून मी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी केली, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर एक शनिवार घालवला आणि एका विक्रेत्याला शोधण्यासाठी आगाऊ पैसे देण्याच्या बेतात होते. मग खुलासा झाला. ‘इंडिया बुक हाउस’ने या नावाखाली आधी सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथा कन्नडमध्ये काढल्या होत्या आणि ते पहिले दहा अंक होते. अनंत पै यांच्या संपादनाखाली भारतीय कथांची जी मालिका आपण ओळखतो, ती अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासूनच सुरू होते. आमच्या ट्रंकेतून काहीही हरवलेले नव्हते.

त्या ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकर यांची आहेत. हे नाव पुस्तकाच्या आत छापलेले आहे आणि मी ते लहानपणी शंभर वेळा डोळ्यांखालून घातले असणार. तरीही आम्हाला माहीत होते ते फक्त ‘अंकल पै’. चित्रे कोणी काढली असतील, ती कोणीतरी काढावी लागतात, हे आमच्या मनातही येत नसे.

१६ जून

यादीच्या निमित्ताने आणखी नावे वाचली. ‘शिवाजी’ या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची आहे, म्हणजे फास्टर फेणेच्या जनकाची, आणि चित्रे प्रताप मुळीकांची. दोन्ही नावे वाचून मी तो अंक हातातून खाली ठेवला आणि चहा करून आले. ज्यांची पुस्तके आम्ही वाचनालयातून रांग लावून आणत होतो, त्यांचाच मजकूर आम्ही ट्रंकेत बाळगून होतो आणि पाच पैशांनी भाड्याने देत होतो. मुळीकांनी पुढे हिंदी कॉमिक्समधला नागराजही काढला. शिवरायांचा घोडा आणि नागराजाचे साप एकाच माणसाच्या हातचे आहेत, हे कळायला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

दोन ढिगांमधला धागाही इथेच सापडला. ‘इंद्रजाल’ टाइम्सच्या प्रकाशनसंस्थेचे होते आणि १९६४ मध्ये सुरू झाले. अनंत पै तेव्हा तिथे नोकरीला होते आणि नंतर ते इंडिया बुक हाउसकडे आले. दादाचा ‘इंद्रजाल’मधला मुखवटाधारी वेताळ आणि माझी ‘अमर चित्र कथा’तली मीराबाई यांवरून आमच्यात जी भांडणे होत, त्या दोन्ही पक्षांच्या मुळाशी एकच गृहस्थ होते. कर्नाटकातल्या कारकळात जन्मलेले, लहानपणीच आईवडील गेलेले आणि बाराव्या वर्षी मुंबईत आलेले हे गृहस्थ शिक्षणाने रसायन-तंत्रज्ञ होते. त्यांच्या पुस्तकांतल्या आम्लाशी झगडताना ही गोष्ट मला अनेकदा आठवली.

३० जून

गंजलेल्या पिना काढल्या. कार्यालयात वापरतात त्या पिन उपटण्याच्या चिमट्याने सुरुवात केली आणि तीन मुखपृष्ठांची घडी पिनेभोवती फाडली. गंज कागदाला धरून बसलेला असतो, त्यामुळे पिन ओढली की कागद तिच्याबरोबर येतो. योग्य रीत अशी आहे: पुस्तक मधोमध उघडावे, पिनेच्या वळलेल्या पायांखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवावी, बोथट व चपट्या सुरीने पाय एकेक करून उभे करावेत आणि मग पाठीकडून पिन सरळ रेषेत काढावी. पाय तुटला तरी चालेल, ओढाताण करू नये.

उत्साहाच्या भरात दोन पुस्तके एकाच वेळी सुटी केली आणि मांजराने टेबलावरून उडी मारली. पाने एकत्र झाली, त्यांपैकी काहींचे पानक्रमांक कसरीने खाल्लेले होते. यातून एक उपयोगी हिशेब हाती आला. मुखपृष्ठ सोडून ३२ पाने असलेल्या अंकात घडी घातलेले आठ कागद असतात आणि कागदाच्या एका बाजूवर शेजारी छापलेल्या दोन पानक्रमांकांची बेरीज नेहमी ३३ येते. एक क्रमांक दिसला तरी दुसरा काढता येतो. तरीही एक संध्याकाळ गेलीच.

नव्या पिना घातल्या नाहीत. जवसाच्या धाग्याने तीन छिद्रांची साधी शिवण घातली. वरची व खालची छिद्रे पिनेच्याच जुन्या छिद्रांतून घेतली आणि मधले एक दाभणाने नवे पाडले. पहिल्या दोन पुस्तकांत धागा ताणून बांधला, तेव्हा तो ठिसूळ कागदाला सुरीसारखा कापत गेला. शिवण किंचित सैल असावी आणि गाठ आतल्या बाजूस यावी.

१४ जुलै

आजची नोंद सेलोटेपची आहे आणि ती लांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान याच कामात झाले. ४६ पैकी १९ पुस्तकांना आम्ही दोघांनी लहानपणी सेलोटेप लावलेला आहे, काही ठिकाणी थरावर थर. आम्हाला ती दुरुस्ती वाटत असे. चाळीस वर्षांनी वरची पारदर्शक पट्टी सुटून पडते आणि तिचा चिकट पदार्थ कागदात मुरून तपकिरी, अर्धपारदर्शक डाग पाडतो. फाटलेली जागा पुन्हा फाटते, पण आता ती टेपच्या कडेने फाटते.

पहिला प्रयत्न हेअर ड्रायरने केला. साध्या आतल्या पानांवर पट्टी मऊ होऊन सुटली, म्हणून आत्मविश्वास वाढला आणि त्याच झोतात एका ‘इंद्रजाल’चे मुखपृष्ठ धरले. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत, वरची शाई वेगळ्या स्वभावाची. पट्टी उचलली तेव्हा वेताळाचा अर्धा मुखवटा आणि मागच्या जंगलाची एक फांदी पट्टीवर आली. ती पट्टी मी ठेवून दिली आहे. उपयोग काही नाही.

दुसरा प्रयत्न अ‍ॅसिटोनचा. कापसाच्या बोळ्याने डाग पुसताना चिकटपणा विरघळला खरा, पण तो कागदात आणखी खोल आणि आणखी रुंद पसरला. शिवाय आतल्या बाजूचा, लाल बॉलपेनने लिहिलेला वाचनालयाचा अनुक्रम पाघळून गुलाबी वर्तुळ झाले. अ‍ॅसिटोनची बाटली १८० रुपयांना पडली आणि तिने दोन पुस्तके बिघडवली. घरी, हवा खेळती नसताना, हा पदार्थ वापरूही नये.

जमले ते असे. पट्टी आधीच सुटत असेल तर काहीही न करता ती चिमट्याने, कागदाला समांतर, मागे वळवत उचलावी. घट्ट असेल तर फक्त आतल्या पानांवर, ड्रायर मंद आणि वीतभर लांब धरून, कागदाच्या मागच्या बाजूने ऊब द्यावी आणि चपटी सुरी खालून सरकवावी. उरलेला चिकटपणा काढण्यासाठी चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून क्रेप रबराच्या तळव्याचा तुकडा आणला. तो बोटाने दाबून गोल फिरवला की चिकट पदार्थाच्या गोळ्या होऊन निघतात. तुकडा काकांनी फुकट दिला आणि तो सर्व साहित्यात सर्वाधिक उपयोगी ठरला. तपकिरी डाग मात्र जात नाही. मुखपृष्ठांवरच्या पट्ट्या मी यापुढे काढणार नाही.

एका ओळखीच्या माणसाने ‘लॅमिनेशन करून टाका, कटकट मिटेल’ असे सुचवले. ट्रंकेतल्या दोन मुखपृष्ठांवर कोणे एके काळी तसा प्लॅस्टिकचा थर चढवलेला आहे. तो आता फुग्यांनी भरला आहे आणि कोणत्याही उपायाने निघत नाही.

४ ऑगस्ट

फाटके जोडण्यासाठी डिंक कोणता वापरावा, याची चाचणी घेतली. पांढरा लाकूडकामाचा गोंद वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा कडक होतो, जोडाच्या कडेने कागद मोडतो आणि चूक झाली तर पुन्हा सोडवता येत नाही, म्हणून तो बाद. बाजारात कागददुरुस्तीची म्हणून मिळणारी महागडी टेप ७५० रुपयांना घेतली होती. ती आमच्या कागदापेक्षा बळकट निघाली आणि दोन पाने तिच्या कडेनेच फाटली. मग मैद्याची खळ शिजवली. ती चिकटते चांगली, पण मैद्यातल्या चिकट प्रथिनामुळे (ग्लुटेनमुळे) गुठळ्या होतात, आणि त्या प्रथिनावर कसर तुटून पडते. जुने बाइंडर म्हणूनच खळीत मोरचूद घालत. मोरचुदातले तांबे पुढे कागदालाच खाते, त्यामुळे तेही नको.

मैद्याच्या कणकेचा गोळा पाण्यात धुऊन चिकट भाग वेगळा करायचा आणि खाली बसलेले सत्त्व तेवढे वापरायचे, असे मी वाचले होते. सिंकपाशी माझी धडपड चालली असताना आई मागे येऊन उभी राहिली. ती ८१ वर्षांची आहे.

“हे काय करते आहेस?”

मी सांगितले.

“अगं, मग हा कुरडयांचाच चीक की. त्यासाठी मैदा कशाला नासतेस? गहू भिजत घाल तीन दिवस.”

तिच्या सांगण्याप्रमाणे अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदलले, वाटून मलमलीतून गाळले आणि रात्रभर निवळू दिले. वरचे पाणी ओतून टाकल्यावर खाली पांढराशुभ्र चीक राहिला. एक भाग चीक आणि पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळून शिजवले, गार झाल्यावर दोनदा मलमलीतून दाबून काढले. सायीसारखी मऊ, गुठळ्या नसलेली खळ मिळाली. मीठ किंवा हिंग घालायचा नाही, हे मला आईला दोनदा सांगावे लागले. फ्रिजमध्ये ती चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यावी. उरलेल्या चिकाच्या आईने कुरडया घातल्या, ऑगस्टमध्ये, पंख्याखाली, आणि त्या वाळल्या नाहीत.

१८ ऑगस्ट

जपानी कोझो कागद, तुतीच्या जातीच्या झाडाच्या लांब तंतूंचा, चौरस मीटरला १० ग्रॅम वजनाचा, ३२० रुपयांना एक याप्रमाणे चार ताव घेतले. पट्टी कात्रीने कापू नये. पाण्यात भिजवलेल्या ब्रशने रेघ ओढून ती हाताने फाडावी, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. खळ अगदी थोडी लावावी. पहिल्या सहा पानांवर मी जास्त लावली आणि पाने सुरकुतली.

दाबून ठेवण्यासाठी टीपकागद संपले म्हणून एका रात्री वर्तमानपत्र वापरले. सकाळी तानाजीच्या कड्यावर त्या दिवशीच्या निवडणुकीच्या बातमीचे उलटे मथळे उमटले होते. टीपकागदाचे वीस ताव आणि मध्ये घालायला पॉलिस्टरची जाळी आधीच घेऊन ठेवावी.

२५ ऑगस्ट

वीट झालेले तीन अंक. झाकणाच्या डब्यात ओला टीपकागद, वर जाळी आणि त्यावर पुस्तके ठेवून आठ तास बाष्प दिले आणि मग चपटी सुरी सरकवली. आतली पाने थोडीफार सुटली, मुखपृष्ठे सुटली नाहीत. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर उलटा छापला गेला. दुसऱ्या दिवशी बाष्पाने बुरशी पुन्हा जागी झाली. तिन्ही सोडून दिले, पिशवीत बंद करून.

१० सप्टेंबर

गणपतीसाठी दादा डोंबिवलीहून आला. त्याला दाखवायला म्हणून त्याच्या आवडीचा ‘कृष्ण’ मी गेल्या आठवड्यात खास तयार केला होता. पानांवर तिरप्या प्रकाशात बारीक चरे दिसत होते, कुठेकुठे तर आरपार दाब होता. ओलीमुळे कागद आखडला असावा असे समजून मी ती पाने हलके बाष्प देऊन दोन दिवस वजनाखाली ठेवली आणि अकरा पाने आरशासारखी सपाट केली. बारावे पान वेळेअभावी राहिले होते.

दादाने पुस्तक हातात घेतले, एक पान दिव्यासमोर तिरपे धरले, दुसरे धरले आणि विचारले, “यातल्या रेघा कुठे गेल्या?”

ते ओलीचे चरे नव्हते. सहावी-सातवीत असताना दादा वर्तमानपत्राच्या कोऱ्या पट्टीला खोबरेल तेल चोळून ती पारदर्शक करत असे, चित्रावर ठेवत असे आणि कठीण पेन्सिलीने दाबून गिरवत असे. तो दाब खालच्या छापील पानावर उमटत गेला होता. कोपऱ्यांतले तेलाचे डागही त्याचेच होते. मी त्यांना बुरशीचे समजले होते. “मला कृष्ण नको होता गं, मला ती रेघ हवी होती,” असे तो म्हणाला. “सुरुवातीला बारीक, खांद्याच्या वळणावर जाड आणि परत बारीक. मला ती एका दमात कधीच आली नाही. तिथे नाव होते ना, राम वाईरकर, मी ते वहीत लिहून ठेवले होते. तुला कधी सांगितले नाही, कारण तू हसली असतीस.”

मी हसलेच असते. त्याने पुढे चित्रकला घेतली नाही. पोस्टात नोकरी केली.

संध्याकाळी दहापट भिंगातून आम्ही राहिलेले बारावे पान पाहिले. सुरुवातीच्या या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांवर भागवलेले असे. भिंगाखाली ते रंग काळ्या रेघेच्या बाहेर थोडे सरकलेले दिसतात, त्यामुळे चित्राचा सगळा भार रेघेवर आहे हे उघड होते. तिच्या शेजारून, कधी आतून कधी बाहेरून, दादाच्या पेन्सिलीचा खोलगट माग जातो. खांद्याच्या वळणावर तो तीन ठिकाणी थांबलेला आहे.

‘टिंकल’चे वाचलेले जोडपानही भिंगाखाली ठेवले. सुप्पांडीही वाईरकरांचाच. तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींवरून त्यांनी तो उभा केला, आणि वाईरकर २००३ मध्ये गेल्यानंतर त्यांच्या घरच्या पुढच्या पिढीने तो काढला. कृष्णाच्या खांद्याची आणि सुप्पांडीच्या लांबट डोक्याची रेघ एकाच चालीची आहे, हे दादाने मला बोट ठेवून दाखवले. एरवी मला ते दिसले नसते.

ज्यांना पाने सपाट करायची असतील त्यांनी आधी प्रत्येक पान अंधाऱ्या खोलीत, विजेरी कडेला आडवी धरून, तपासावे. उमटलेल्या खुणा दिसल्या तर बाष्प आणि वजन दोन्ही वर्ज्य समजावे. गेलेला दाब परत येत नाही.

६ ऑक्टोबर

आजपासून छायाप्रती. सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) एका पानाची फाइल सुमारे ७२ एमबी होते, म्हणजे मुखपृष्ठासह ३६ पानांच्या एका अंकाला जवळपास २.६ जीबी. मागच्या पानाची छपाई पुढे दिसू नये म्हणून पानामागे काळा कागद ठेवावा. हे मला चार अंक झाल्यावर सुचले आणि ते चारही पुन्हा करावे लागले.

रंग आपोआप सुधारण्याची सोय पहिल्या दिवशी चालू राहिली होती. तिने कागदाचा पिवळेपणा काढला आणि त्याबरोबर छापलेला पिवळाही काढला. पितांबर पांढरे झाले. ती सोय बंद करून, एक राखाडी रंगपट्टी प्रत्येक पानाशेजारी ठेवून, नव्याने सुरुवात केली. ‘कृष्ण’चे बारावे पान स्कॅनरमध्ये कोरेकरकरीत येते, कारण स्कॅनरचा प्रकाश समोरून पडतो. म्हणून त्याचे वेगळे छायाचित्र, विजेरीच्या तिरप्या प्रकाशात, मोबाइलने घेतले.

या प्रती दादा आणि माझ्यापुरत्या आहेत. हक्क प्रकाशकांकडे आहेत, त्यामुळे कोणी मागितल्या तरी पाठवणार नाही.

१७ नोव्हेंबर

दिवाळीचे दोन आठवडे वगळता रोज एक-दोन अंक या गतीने छायाप्रती पूर्ण झाल्या. लिहिण्यासारखे काही घडले नाही. स्कॅनरची काच दर दहा पानांनी पुसावी.

८ डिसेंबर

साठवण आणि हिशेब. प्रत्येक पुस्तक पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात, तोंड बंद न करता, ठेवले. वास येणारी, मऊ पीव्हीसीची पाकिटे घेऊ नयेत. दोन पुठ्ठ्याच्या खोक्यांत पुस्तके आडवी, दहापेक्षा जास्त एकावर एक नाहीत. डांबराच्या गोळ्या ठेवल्या नाहीत. मलमलीच्या पुरचुंडीत वेखंड ठेवले आहे, पुस्तकांना न टेकणारे.

एकूण खर्च ६,६२० रुपये झाला. त्यात खोकी १,४००, कोझो कागद १,२८० आणि पाकिटे ९०० हे मोठे आकडे आहेत. ९३० रुपये, म्हणजे अ‍ॅसिटोन आणि ती टेप, सरळ पाण्यात गेले. वेळ साधारण १८० तास, त्यांतले ४० तरी चुका करण्यात आणि निस्तरण्यात गेले. ४६ पैकी ३८ पूर्ण झाली, ३ गेली आणि ५ मी अर्धवट, आहेत तशी, ठेवली आहेत. त्या पाचांवर दादाच्या पेन्सिलीचे माग आहेत. त्यांचे कोपरे तेलकट, पाठी फाटक्या आणि पिना काढलेल्या आहेत, फक्त एका सैल धाग्याने पाने धरून ठेवली आहेत.

‘कृष्ण’ दादा घेऊन गेला. परवा त्याचा फोन आला होता. डोंबिवलीत खोबरेल तेल लावलेला कागद पूर्वीसारखा पारदर्शक होत नाही, हल्लीच्या वर्तमानपत्राचा कागद वेगळा असावा, असे त्याचे म्हणणे आहे. त्याला पतंगाचा कागद वापरून पाहा असे सांगितले आहे, आणि कृपा करून मूळ पुस्तकावर नको, मी छापून दिलेल्या प्रतीवर गिरव, असेही.